अभावाचं कपाट

१

बातमी आली त्या दिवशी आम्ही पुस्तकांना ऊन देत होतो.

वैशाखात दरवर्षी हे काम असे. मस्तगडातलं आमचं वाचनालय सुरजमल सेठजींच्या कापडदुकानावर, माडीवर होतं, आणि माडीला लागून गच्ची. सकाळी सातला पुंजाराम आणि मी एकेक कपाट रिकामं करून पुस्तकं सतरंजीवर उभी करायचो, पानं पंख्यासारखी उघडून. ऊन चढून बांधणीची खळ तडकायच्या आत ती त्याच क्रमानं परत लावायची, मधे कडुनिंबाचा पाला घालून. पुंजाराम वाचनालयाचा शिपाई, साठी उलटलेला. त्याला वाचता येत नव्हतं, पण कुठलं पुस्तक कुणाच्या शेजारी राहतं हे त्याला पाठ होतं.

मी सरकारी शाळेत गणित शिकवतो. वाचनालय माझ्या थोरल्या भावाचं, धर्मराजदादाचं. घनसावंगीच्या एका जमीनदारानं पोथ्यांची पेटी देऊ केली होती, ती आणायला तो गेला होता. चार दिवसांत येणार होता, आठवा चालू होता. मला काळजी नव्हती. पोथ्या पाहायला बसला की दादाला दिवस कळत नसत.

दहाच्या सुमाराला एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन गच्चीवर आला. जमीनदाराचा गडी, मच्छिंद्र. पेटी उतरवून त्यानं मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं.

"मास्तर तुमीच का जी?"

"हो."

"तुमचे दादा गेले. मंगळवारी. गावात पटकी आल्ती. सकाळी उलट्या सुरू झाल्या अन् दिवस कलायच्या आत संपलं."

मी विचारलं, कुठं आहे तो. विचारताना मला कळत नव्हतं मी काय विचारतोय. त्याला कळलं.

"नदीवर नेलं लगेच. पटकीचं माणूस ठेवू देत न्हाईत. कपडे, वळकटी, छत्री, समदं संगं जाळलं. ही पेटी तेवढी राह्यली. त्यांनी हात लावला न्हवता अजून."

त्याला पाणी दिलं. तो गेला. ऊन वाढत होतं म्हणून आम्ही पुस्तकं आत घेतली. एकही चुकीच्या जागी गेलं नाही. सगळी लावून झाल्यावर मी घरी गेलो आणि वहिनीला सांगितलं.

२

दादाचा ध्यास वाचण्याचा नव्हता, लावण्याचा होता. पुस्तकं सारी नऊशे. पण ती कुठल्या क्रमानं उभी राहावीत यात त्याची बावीस वर्षं गेली.

आधी त्यानं विलायती पद्धत घेतली. कुण्या इंग्रज तत्त्वज्ञानं म्हटलं होतं की मनाच्या शक्ती तीन, स्मृती, कल्पना आणि बुद्धी. म्हणून ज्ञानाचेही भाग तीन, इतिहास, काव्य आणि शास्त्र. अमेरिकेतली मोठी ग्रंथालयं त्याच तिघांचा क्रम उलटा करून वर आकडे चढवतात, असं दादा सांगे. आमच्याकडे वर्षभर तीन भाग चालले. मग एक दिवस सेठजी वर आले आणि त्यांना आपलं जैन पुराण 'कल्पना' या पाटीखाली दिसलं.

"धर्मराजजी, हे कल्पना?"

"काव्य आहे ना ते, सेठजी. म्हणून."

"अन् तुमच्या पोथ्या कुठं हायेत?"

दादानं मान वळवून पाहिलं. पोथ्या स्मृतीत होत्या.

"बराबर," सेठजी म्हणाले. "तुमचं ते घडलेलं, आमचं ते कल्पना."

पाट्या उतरल्या. मग धर्म, अर्थ, काम, मोक्ष अशी मांडणी झाली. 'काम'मध्ये पाकशास्त्र, संगीत आणि कादंबऱ्याच होत्या, पण त्या पाटीसमोर उभं राहायला कोणी तयार होईना. कादंबरी हवी असलेला माणूस पुंजारामला कोपऱ्यात गाठून नाव कुजबुजे.

शेवटी दादा वैशेषिक दर्शनापाशी आला आणि तिथंच थांबला. जगात जे आहे ते सात पदार्थांत मावतं, असं ते दर्शन म्हणतं. द्रव्यात त्यानं भूगोल, शेती, वैद्यक लावलं. गुणात काव्य आणि संगीत, कर्मात इतिहास, सामान्यात धर्म आणि कायदा. विशेषात कादंबऱ्या, कारण गोष्ट नेहमी एकाच कुणाची तरी असते. समवायात, म्हणजे जोडून ठेवणाऱ्या नात्यात, व्याकरण आणि कोश. सातवा पदार्थ अभाव. नसणं हीसुद्धा एक गोष्ट आहे, आणि गोष्ट आहे तर तिला जागा हवी, असं दादाचं म्हणणं.

म्हणून सातव्या कपाटात पुस्तकं नव्हती. सुताराकडून त्यानं पुस्तकाएवढ्या कडुनिंबाच्या लाकडाच्या फळ्या करून घेतल्या होत्या. नसलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक फळी, कण्याच्या जागी नावाची चिठ्ठी. पहिला खण प्रागभावाचा, म्हणजे जे अजून आलेलं नाही त्याचा. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकांच्या फळ्या तिथं राहत. पुस्तक आलं की फळी काढून चिठ्ठी खरवडायची. दुसरा खण प्रध्वंसाचा, जे होतं आणि गेलं त्याचा; वाळवीनं खाल्लेली, पुरात भिजून लगदा झालेली. तिसरा खण कधीच असू न शकणाऱ्यांचा. चौथा, एकाच्या वेष्टनात दुसरंच निघालेल्यांचा.

"मी सागवानी कपाट दिलं," सेठजी म्हणत, "अन् यांनी ठेवलं काय त्यात? न्हाई ते."

वडीगोद्रीचे काकासाहेब एक ग्रंथ नेऊन सहा वर्षं झाली होती. दादानं त्याची फळी आशेनं पहिल्या खणात ठेवली होती. सेठजी ती दर भेटीत उचलून तिसऱ्या खणात टाकत आणि दादा परत जागेवर ठेवी. त्या दोघांची एवढीच थट्टा होती.

एक गोष्ट मात्र तो थट्टेतही चालू देत नसे. दुसऱ्या खणात जायची ती फळी पहिल्यात ठेवायची नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

३

दहावं-तेरावं मी केलं. वहिनी त्याला बसली नाही. कपाळाचं कुंकू तिनं तसंच ठेवलं.

शेजारच्या गोजरबाई समजवायला आल्या. "झुंबरे, लोक बोलायलेत. पूस आता ते."

"तुम्ही पाह्यलं का त्यांना?" वहिनीनं विचारलं. "मी बी न्हाई पाह्यलं."

गोजरबाई चहा न घेता गेल्या.

घरात आता आम्ही दोघंच. दोन दिवसांनी मला वाढताना वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांची फळी केली का?"

"कसली फळी?"

"जे न्हाई त्याची फळी करत्यात ना तुमच्या तिथं? ते आज न्हाईत इथं. करा की मंग."

"वहिनी, ते पुस्तकांसाठी असतं."

"पहिल्या खणात ठेवा. अजून आले न्हाईत, एवढंच ठावं हाय आपल्याला. त्याच्याउपर काय ठावं हाय, सांगा बरं."

माझी बायको सात वर्षांपूर्वी गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. तिच्यासाठी फळी करावी असं मनातही आलं नव्हतं. दादाचं तसं नव्हतं. दादाचं एका अनोळखी गड्यानं सांगितलेलं एक वाक्य होतं, आणि एक पेटी.

मी फळी केली. चिठ्ठीवर लिहिलं, 'धर्मराज. घनसावंगीहून.' पुण्याच्या दोन पुस्तकांच्या फळ्यांमध्ये ती उभी केली. वहीत रीतीप्रमाणे तारीख घातली, सरकारी फसली सन १३५३, तीर महिना. दादाचा नियम मला आठवत होता. पण वहिनी त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवली.

४

वाचनालय चारला उघडे. सुट्टी असल्यानं मी तीनलाच जाऊन पेटीतल्या पोथ्यांना क्रमांक घालत बसे.

फळी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेतीनला, जिन्याची पायरी वाजली. जिना लाकडी, पंधरा पायऱ्यांचा, आणि इतक्या वर्षांत मला प्रत्येकीचा आवाज ओळखू येतो. ही रस्त्यालगतची पहिली होती. मी मान वर केली. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पहिली वाजली, मग दुसरी. तिसऱ्या दिवशी तीन.

उन्हानं लाकूड तडतडतं. पण ते खालून वर, क्रमानं, रोज एक वाढवून तडतडत नाही. घूस असेल म्हणून मी जिन्याखाली दिवा धरून पाहिलं. तिथं सेठजींचे फाटके तागे होते. चौथ्या दिवशी मी रस्त्याकडच्या दाराला आतून कडी लावली. चार पायऱ्या वाजल्या.

आवाज जड नव्हता. पाय टेकायचा, मग थोडं थांबणं, मग वजन पडायचं.

पुंजाराम माडीच्या दारात तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, कोणी तरी येऊन राह्यलंय. सभासद वाटत न्हाई."

"कशावरून?"

"सभासदाला पायऱ्या ठाव्या राहतात. हे चाचपून येऊन राह्यलं."

"लाकूड आहे ते, पुंजाराम."

"हां," तो म्हणाला. "लाकूडच."

मी घरी गेल्यावर वहिनीनं विचारलं, चेहरा असा का. मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"किती पायऱ्या हायेत एकूण?"

"पंधरा."

ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. ओठ हलत होते.

५

सातव्या दिवशी मी ठरवलं की जी पायरी वाजणार तिच्यावरच जाऊन बसायचं. त्यात गणिताच्या मास्तराला शोभणारं काही नव्हतं, पण दुसरी परीक्षा सुचली नाही.

सव्वातीनला मी सातव्या पायरीवर बसलो. खालून उजेड येत होता, रस्त्यावर टांगा उभा होता, सेठजींच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. जिना पूर्ण दिसत होता आणि त्यावर कोणी नव्हतं.

पहिली वाजली. दुसरी. तिसरीला मी पाहिलं, मधोमध लाकूड किंचित वाकलं आणि सरळ झालं. चौथी. पाचवी. सहावी माझ्या पावलांखाली होती. ती दबल्याचं मला तळव्यांना कळलं.

मग काही झालं नाही. माझ्या गुडघ्यांपुढे एक हातभर जागा होती आणि तिथं, जिन्यात वारा नसूनही, थोडा गारवा होता.

"दादा," मी म्हणालो.

कुणीतरी उभं होतं, मी बाजूला व्हायची वाट पाहत. घाई न करता, अदबीनं, परक्या घरी आलेला माणूस वाट मागायला संकोचतो तसं. दादा असता तर खांद्याला धक्का देऊन पुढे गेला असता. लहानपणापासून तो तसाच जाई.

मी सरकलो. माझ्या शेजारी सातवी पायरी वाजली. मग सगळं थांबलं आणि खाली कापड फाडल्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

६

घरात मात्र चांगले दिवस आले होते.

वहिनी केसांना तेल लावू लागली. दादाची कोनाड्यातली पुस्तकं तिनं पुसून ठेवली. लिहायला-वाचायला तिला त्यानंच शिकवलं होतं. आता ती पाटीवर रोजचा आकडा लिही, आठ, नऊ, दहा. मी दारात पाऊल टाकलं की विचारी, "कितवी?" मी सांगे. मग ती चुलीकडे वळे आणि भाकरी थापताना काहीबाही गुणगुणे. आदल्या महिन्यात ह्याच बाईनं मीठ घालायचं विसरून तीन दिवस आमटी केली होती, आणि आम्ही दोघांनीही ती न बोलता खाल्ली होती.

बाराव्या दिवशी एका पोथीला जागा कुठली द्यावी हे अडलं म्हणून मी दादाची योजनेची वही उघडली. सातव्या पदार्थाच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात त्यानं लिहिलं होतं:

'प्रागभावाला आरंभ नाही, अंत आहे. प्रध्वंसाला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेलं मडकं पुन्हा होत नाही. कुंभार करतो ते दुसरं मडकं. म्हणून दुसऱ्यातलं पहिल्यात ठेवू नये. पहिल्या खणातून जे येतं ते पहिल्यांदाच येत असतं.'

मी ते चारपाच वेळा वाचलं. तेवढ्यात साडेतीन झाले आणि जिना वाजू लागला. मी वही मिटली आणि बारा पायऱ्या मोजल्या.

फळी काढून दुसऱ्या खणात ठेवायला एक क्षण पुरला असता. मी कपाटापर्यंत गेलोही. फळीला हात लावला आणि वहिनीच्या पाटीवरचा आकडा डोळ्यांपुढे आला. मी तिला काय सांगणार होतो? आज कुठलीच वाजली नाही, आणि उद्याही वाजणार नाही?

७

पंधराव्या दिवशी पुंजाराम आला नाही. जावयाकडे काम आहे असा निरोप त्यानं धाडला होता.

मी टेबलाशी बसलो. दाराचं एक फळकं उघडं होतं, एक लावलेलं. बाहेर जिन्याच्या तोंडाशी दुपारचा पिवळा उजेड.

चौदा वाजल्या. पंधरावी वाजायला वेळ लागला. मग ती वाजली.

लावलेल्या फळक्यामागे कोणी उभं होतं, हे उजेड कमी झाल्यावरून कळलं. श्वास ऐकू येत नव्हता. फळक्याच्या कडेनं एक हात आत आला. मनगट दादाचं होतं. ते रुंद हाड, त्यावरचे करडे केस, कोपराकडे जाणारी ती फुगीर शीर. लहानपणी मी ती शीर बोटानं दाबून सोडत असे. मला रडू आलं. मी उठून दोन पावलं पुढेही गेलो.

हात हळूच उलटा झाला, तळवा वर, काही मागावं तसा.

तळव्यावर रेषा नव्हत्या. एकही नव्हती. बोटांच्या पेरांवर दुमड नव्हती. चाकावरून आत्ताच उतरवलेल्या ओल्या मातीसारखा तो सपाट आणि मऊ होता, आणि त्यानं आजवर काहीच धरलेलं नव्हतं.

मी दार लावलं. जोरानं नाही. आत कुणी निजलं असेल तर लावतात तसं. हात त्याआधी मागे झाला, घाईघाईनं, चूक झाल्यासारखा.

नंतर उतरणारी पावलं वाजली नाहीत. चारला कोणी वाचक आला नाही. सहा वाजता मी गच्चीतून सेठजींच्या मागच्या शिडीनं खाली उतरलो.

"मास्तर," सेठजी गादीवरून म्हणाले, "जिना काय झाला?"

"दार अडकलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "धर्मराजजी असते तर दार तोडलं असतं, पण शिडीनं उतरले नसते." आणि नोकराला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

८

वहिनी उंबऱ्यातच उभी होती.

"पंधरावी?"

"हो."

"मंग?"

"मी दार लावलं."

मी हातपाय धुतले. ती पाट मांडून समोर बसली आणि मी जेवायला सुरुवात करीना तशी म्हणाली, "का लावलं, भावजी?"

मी तिला वहीतलं सांगितलं. मडक्याचं सांगितलं. ज्या खणात आपण त्याला ठेवलं तिथून येणारा माणूस गेलेला माणूस नसतो, तो नवा असतो. त्याला हे घर ठाऊक नसेल. मी ठाऊक नसेन. तुम्हीही नाही, वहिनी.

"ओळखणार न्हाईत मला."

"नाही."

तिनं चुलीतले निखारे पुढे ओढले.

"भावजी," ती म्हणाली, "लग्नात मी अकरा वर्षांची होते. अंतरपाट काढला तवा कोण होते ते माझे? मी बी न्हवते ओळखत त्यांना, अन् तेही मला न्हवते ओळखत. सासूबाईंनी सांगितलं, हा तुझा. ओळख मागनं झाली. वर्षं लागली." तिनं पदर सारखा केला. "आता मी सांगीन त्यांना. लिहायला-वाचायला लागंल, तर तेही शिकवीन. त्यांनीच शिकवलंय मला, येतं की."

"वहिनी—"

"उद्या मी येते तुमच्यासंगं. दोन्ही फळकी उघडी ठेवा."

मी मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग उठून डाळीचा डबा काढला आणि तो हातात धरून विचारात पडल्यासारखी थांबली.

"वरण केलं असतं," ती म्हणाली. "पण आता काय आवडत असंल त्यांना, कोण जाणे. इचारावं लागंल."

ती हसली. दादा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

तळव्याचं तिला सांगायचं राहून गेलं.